न चाखलेला गूळ

१

"शेट, तुमी दिलेली वॉरंटी मेलीया," आकाराम म्हणाला आणि गुळाचा सौदा मध्येच थांबला.

आता कोल्हापूरच्या मार्केट यार्डात दिवाळीनंतरचा गुळाचा सौदा थांबवायचा म्हणजे काय खायचं काम नव्हे. गाळ्यागाळ्यातून रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या, हमालांची ओरड, व्यापाऱ्यांचा घोळका आणि मधोमध अडते बापूसो बिरनाळे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बोली पुकारायला लागला की आवाज थेट शेवटच्या गाळ्यापर्यंत जायचा. त्यांची एक रीत होती. शेतकऱ्याचा माल पुढे आला की रव्यातला एक खडा काढून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मगच बोली सुरू करायची. त्यांच्या जिभेवर आणि शब्दावर यार्डात कुणी शंका घेत नसे.

आणि त्या शब्दावरच आकाराम बोट ठेवत होता. गगनबावड्याकडचा हा शेतकरी. त्याची बायको झुंबरबाई, तिच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला राजारामपुरीत आणायचं, आणि एसटीच्या हिसक्यांनी ती बाई अर्धमेली व्हायची. म्हणून श्रावणात त्यानं बापूसोंची राखाडी गाडी घेतली. "गाडी जुनी हाय म्हणून भिऊ नका पावणं, वाढीव वॉरंटी काढलीया, ती तुमच्या नावावर करून देतो," असं बापूसो म्हणाले होते. तेवढ्यावर व्यवहार झाला.

"काल घाटात गिअरबॉक्स गेला. मालकीण दुपारभर रस्त्याकडंला बसून," आकाराम म्हणाला. "आन् वर्कशॉपवाला म्हणतोय, मागल्या मालकानं वॉरंटी रद्द करून राहिलेल्या मुदतीचं पैसं परत घेतलं. शेट, गाडी इकल्यावर वॉरंटी बी इकलासा व्हय?"

व्यापाऱ्यांच्यात खसखस पिकली. बापूसोंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी रद्द केली? अरं, मला ह्यातलं काय म्हायतबी न्हाय!" एवढं म्हणताना त्यांची नजर आकारामच्या मागे उभ्या असलेल्या सम्राटवर गेली. सम्राट हा गाड्यांचा दलाल, तिशीतला पोरगा, ह्या सौद्यातला मध्यस्थ. "कागद ह्याच्याकडं दिलते मी! ह्यानंच खाल्ली वॉरंटी! ऐका रं सगळ्यांनी, ह्या सम्राटच्या हातात कुणी कागद देऊ नका!"

बोली पुकारायच्या आवाजात बोलले. शेवटच्या गाळ्यातले हमालसुद्धा माना वळवून बघायला लागले.

बापूसोंची लेक प्राची तिथंच होती, घरी न्यायला नवा गूळ घेत होती. राजारामपुरीत तिचं ऑफिस. विमा कंपन्यांसाठी खोट्या दाव्यांची चौकशी करायची. गाडीचा पोचा बघून माणसाचं खोटं ओळखते अशी तिची ख्याती, आणि त्या ख्यातीचा तिला चांगलाच माज होता. बापाचा अपमान झालेला बघून तो माज उफाळून आला.

"ओटीपी काढून घेतलेला दिसतोय," ती चारचौघांत सम्राटला म्हणाली. "पोलिसात दिलं ना, तर वर्षभर गाड्या विसरशील."

सम्राट कुणाकडे न बघता निघून गेला. प्राचीला वाटलं, खोटं पकडलं की माणसं अशीच जातात.

२

दोन दिवसांनी तिनं विषय काढला तर बापूसोंनी हात झटकला. "गिअरबॉक्सचं बिल आपण भरूया. आकारामला शब्द दिलाय. बाकी चौकशी-बिवकशी काय नको. जाऊ दे."

बाप केवढा दिलदार, असं प्राचीला वाटलं. अगदी ऊर भरून आला म्हणा ना, चार जणांना तिनं कौतुकानं सांगितलंसुद्धा. गाडी दुरुस्त झाली, झुंबरबाईची ये-जा सुरू झाली, आणि प्राची ते सगळं विसरूनही गेली.

मग एका सकाळी ती ऑफिसला आली तर जिन्यात सम्राट बसलेला.

"ताई, तुमी खोटं पकडता म्हणं," तो म्हणाला. "मग पकडा की!"

"काय पाहिजे तुला?"

"मला काय न्हाय पायजे. रंकाळ्याकडं माझ्या गाड्या लावलेल्या असत्यात, तिथं आता कुत्रं बी येत न्हाय. काल एक गिऱ्हाईक गाडीत बसून, एसी लावून, सगळं बघून उठलं. म्हणालं, बिरनाळे शेटनी ज्याला चोर म्हटलंय त्याच्याकडनं घेत न्हाय. बायको म्हणाली, गाव सोडूया. मी म्हटलं, का सोडायचं? मी काय केलंय?"

प्राचीनं त्याला आत बसवलं. खरं म्हणजे त्याला दोन मिनिटांत वाटेला लावायचा तिचा बेत होता.

"कागदांचं काय केलंस?"

"त्याच आठवड्यात कंपनीच्या खिडकीवर दिलं. आकारामच्या नावावर करा म्हणून. ते म्हणाले, मूळ मालकाला फोन जाईल, तो हो म्हणाला की झालं."

प्राचीनं त्याच्यासमोरच वॉरंटी कंपनीला फोन लावला, आपली ओळख सांगितली. पलीकडच्या माणसानं सांगितलं ते असं: अनंत चतुर्दशीला सकाळी मालकाच्या मोबाईलवर फोन केला तेव्हा तिकडूनच रद्द करा म्हणून सांगितलं गेलं, ओटीपीसुद्धा त्याच मोबाईलवर गेला आणि तिथूनच सांगितला गेला.

प्राचीनं फोन ठेवला. अनंत चतुर्दशी म्हणजे जैनांच्या दहा दिवसांच्या उपवास-जपाच्या पर्वाचा शेवटचा दिवस. त्या सकाळी घरातले पुरुष बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकाला जातात आणि आप्पा, म्हणजे बापूसो, बस्तीत कधी मोबाईल नेत नाहीत. तो घरी फडताळात पडलेला असतो.

"चतुर्दशीला सकाळी तू आमच्या घरी आला होतास?" तिनं विचारलं.

"आलतो की. गाडीची दुसरी चावी माझ्याकडं राहिलती, आकाराम घेणार व्हता, पण शेट म्हणालते आधी मला दाखव."

प्राचीच्या डोळ्यांत चमक आली. "आत आलास?"

"न्हाय."

"फोनला हात लावलास?"

"न्हाय वो ताई. पायरीच्या वर पाऊल न्हाय टाकलं. तुमच्यात पर्व असतंय, मला म्हायत हाय. काकी, म्हंजे तुमच्या आई, दारात आल्या, हातानं खूण केली, ठेव पायरीवर म्हणून. ठेवली आन् गेलो."

"हे खरं कशावरून?"

"तुमी सांगा की कशावरून," तो म्हणाला. "तुमचंच काम हाय न्हवं ते?"

३

माहेरी जाऊन प्राचीनं आधी भावाला गाठलं. अभिनंदन बापाबरोबर अडत दुकानात असतो. गाडी विकायला त्याचाच विरोध होता. पण बापूसोंनी चातुर्मासात मुनी महाराजांसमोर नियम घेतला होता, वाहन म्हणून जे काही असेल ते आपल्या नावावर ठेवणार नाही. नियम घेतल्यावर कोण काय बोलणार?

"दादा, वॉरंटीचे पैसे परत गेले कुणाच्या खात्यात?"

"ज्यातनं भरलते त्यातच जाणार की. आई-आप्पांचं घरखर्चाचं खातं. बघू थांब." त्यानं मोबाईलवर खातं उघडलं, खाली खाली सरकवत गेला आणि एकदम थांबला. "आयला! हे बघ. आलेत की. चतुर्दशीनंतर लगेच. कुणी हात बी लावला न्हाय."

प्राची पलंगावर टेकली. चोरानं चोरी केली आणि पैसे मालकाच्याच खात्यात टाकले? सम्राटला ह्यातून छदाम मिळाला नव्हता. उलट वॉरंटी आकारामच्या नावावर झाली असती तर त्याचाच सौदा पक्का होता. आणि तिनं, खोटं पकडणाऱ्या बाईनं, पैसे कुठं गेले हा पहिला प्रश्न विचारायचाच विसरून त्या पोराला पोलिसांची भीती घातली होती.

"तूच केलंस का दादा? आप्पांना फायदा व्हावा म्हणून?"

"मी बस्तीत हुतो बाई! आप्पांच्या शेजारी कलश धरून. पाहिजे तर महाराजांना विचार."

मग राहिली वहिनी आदिती. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. घरातले ऑनलाइन व्यवहार सगळे तीच करते, त्यामुळे प्राचीला तिच्याशी बोलताना जरा जपावंच लागलं.

"ताई, मला माहीत आहे तुम्ही का विचारताय," आदिती म्हणाली. "त्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आप्पांचा फोन वाजला तो मला ऐकू आला. बराच वाजला, मग थांबला. मी म्हटलं, कटला असेल."

"आणि आई?"

"त्या आत जप करत असणार. दहावा उपवास होता त्यांचा. त्या वेळी त्या कुणाशी बोलतात का?"

प्राचीची आई त्रिशला तेवढ्यात आत आली. थकलेली, ओठ सुकलेले. आदितीनं न विचारताच तिला वेगळ्या पातेल्यातला चहा दिला.

"हा बिनगुळाचा," आदिती प्राचीच्या कानाशी लागली. "आईंनी गोड सोडलंय. रसत्याग."

बिरनाळ्यांच्या घरात बिनगुळाचा चहा! ह्या घरात पाहुण्यालासुद्धा आधी गुळाचा खडा मिळतो, मग पाणी. पर्वात एखादा रस सोडायची रीत आहेच, मीठ, तूप, गोड, ज्याला जे झेपेल ते. पण पर्व संपून दिवाळी झालेली.

"कधीपासून सोडलंय?" प्राचीनं विचारलं.

"झाले की पंधरवडा," आदिती म्हणाली. "तो आकाराम यार्डात आला होता बघा, त्याच रात्रीपासून."



४

आदितीला कशाला तरी बाहेर पाठवून प्राची आईसमोर बसली.

"आई, मी बोलते, तू नुसती ऐक. पैसे चोरायला हे कुणी केलेलं नाही. पैसे आपल्याच खात्यात आहेत आणि त्यांना कुणी हात लावलेला नाही. मग ज्यानं केलं त्याला पैसे नको होते. त्याला फक्त आप्पांचं नाव काढायचं होतं. गाडीच्या वॉरंटीवरचं नाव काढायची घाई कुणाला असेल? ज्याला आप्पांच्या नियमाची काळजी आहे त्याला. दादा बस्तीत होता, आदिती गच्चीवर. सम्राट म्हणतो, तू दारात आलीस आणि हातानं खूण केलीस. मला वाटलं, जपात होतीस म्हणून बोलली नाहीस. पण जपाला बसलेली तू चावी घ्यायला उठून दारात कशाला येशील? तू खूण केलीस, कारण तुझ्या कानाला फोन होता."

त्रिशलानं कप खाली ठेवला.

"ती पोरगी फोनवर चांगली बोलली," ती हळू म्हणाली. "म्हणाली, वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज आलाय, करू का? मी विचारलं, आज कुणाच्या नावावर आहे? म्हणाली, बापूसो बिरनाळे. आणि बदलायला? म्हणाली, तपासणीला वेळ लागेल. मी म्हटलं, आज नाव काढता येतं का? म्हणाली, आज फक्त रद्द होईल. मग मी म्हटलं, करा."

"अगं, पण आकाराम..."

"त्याला ह्यांनी शब्द दिलाय हे मला कुठं ठाऊक? बाजारातलं घरी सांगायची सवय आहे का ह्यांना?" मग तिचा आवाज खाली गेला. "पण खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होतंय हे मनात आलं होतं. आलं होतं प्राची. पण चतुर्दशी होती. ह्यांच्या नियमात तेवढी खोट राहील, असं वाटलं. मी दहा दिवस पाण्यावर होते आणि नियमाचा हिशोब दुसऱ्याच्या ताटात घातला. ती बाई घाटात बसून होती ना गं? त्या दिवसापासून गोड घशाखाली उतरत नाही."

प्राचीला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही.

"मग सांगायचं होतंस! तो सम्राट फुकट मरतोय. आप्पांना तरी सांगितलंस का?"

त्रिशलानं तोंडावर पदर घेतला. "ते मला विचारू नको," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची यार्डात गेली. आप्पांना सगळं सांगायचं, बिचाऱ्यांना धक्का बसेल, सांभाळून घ्यायचं, असं तिनं येताना शंभरदा घोकलं होतं.

सौदा सुरूच होता. ती खांबाआड थांबली. एका शेतकऱ्याचे रवे पुढे आले, सोन्यासारखा पिवळा माल. बापूसोंनी खडा काढला, हातात घेतला, वास घेतला, आणि तो तसाच अभिनंदनच्या हातावर ठेवला. अभिनंदननं चाखला, मान हलवली. मग बापूसोंनी बोली पुकारली.

प्राचीनं लहानपणापासून किती सौदे पाहिले असतील! आप्पांनी न चाखता बोली पुकारलेली तिनं एकदाही पाहिली नव्हती.

तिनं भावाला बाजूला ओढलं. "आप्पा गूळ का चाखत नाहीत?"

"शुगर वाढलीया म्हणाले. आता मीच चाखतो."

"कधीपासून?"

"आकाराम आलता न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासनं. का गं?"

खोटं पकडल्यावर प्राचीला नेहमी एक गार समाधान वाटायचं. आज तसं काहीच वाटलं नाही.

सौदा आटपल्यावर ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. बापूसो लोडाला टेकून बसले होते.

"आप्पा, शुगर किती आहे तुमची?"

"हाय थोडी."

"खोटं बोलू नका. आईनं त्याच रात्री तुम्हाला सांगितलं. तेव्हापासून तिनं गोड सोडलं आणि दुसऱ्या सकाळपासून तुम्ही. एका घरात दोघं जण एकाच वेळी प्रायश्चित्त घेतात, म्हणजे दोघांना एकच पाप ठाऊक आहे."

टोपी काढून बापूसोंनी मांडीवर ठेवली.

"आणि मला म्हणालात, चौकशी नको, जाऊ दे," प्राची म्हणाली. "मला वाटलं, माझा बाप केवढा मोठ्या मनाचा! मी माणसांना सांगत सुटले आप्पा. लाज वाटते मला."

"त्या सकाळी बोलून बसलतो मी," बापूसो म्हणाले. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "सगळ्या यार्डासमोर. रात्री तुझी आई रडत रडत सांगाया लागली. मी म्हटलं, गप बस. उद्या जाऊन काय सांगू? चुकलो म्हणून? पन्नास वर्षं ह्या यार्डात माझा शब्द मागं आला न्हाय गं. लोक म्हणतील, बापूसोचा शब्द बी आता..."

"आकारामला दिलेला शब्द आपल्याच घरात मोडला आप्पा. आणि सम्राटवर टाकलेला खोटा शब्द मात्र तुम्ही जिवापाड जपून ठेवलात."

बापूसोंनी तोंड फिरवलं. मग ते म्हणाले, "आज सांजच्याला जातो त्याच्या घरी. हात जोडतो त्याला."

"घरी?" प्राची म्हणाली. "चोर घरी जाऊन म्हटलं होतं का त्याला?"

६

त्या रात्री बिरनाळ्यांच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी प्राचीनं सम्राटला फोन करून यार्डात बोलावलं. तो आला, पण गाळ्याच्या बाहेरच उभा राहिला, हाताची घडी घालून. त्याला बघून दोन-चार व्यापारी आपसात कुजबुजले. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि त्रिशला खाली उतरली. ती जन्मात कधी सौद्याला आली नव्हती. वजनकाट्याशेजारी जाऊन ती उभी राहिली आणि हमालांनी नकळत तिला वाट दिली.

"तू कशाला आलीस?" बापूसो पुटपुटले.

"माझ्या पायी झालंय," ती म्हणाली. "मी घरात बसू काय?"

पहिला माल पुढे आला. बापूसोंनी खडा काढला नाही. ते हात जोडून उभे राहिले.

"मंडळी, त्या दिवशी मी सम्राटला बोललो. त्यानं काय केलं न्हाय. वॉरंटी माझ्या घरातनं रद्द झाली. मला त्याच रात्री कळलं आन् मी गप बसलो. चूक माझी हाय."

"रद्द मी केली," त्रिशला म्हणाली. "ह्यांना विचारल्याशिवाय."

एखाद-दुसरा व्यापारी चप्पल चाळवत राहिला. मागच्या गाळ्यातले हमाल मात्र काहीच ऐकू न आल्यासारखे पोती उचलत होते. बापूसोंनी टोपीनं कपाळ पुसलं. संपलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"शेट," सम्राट बाहेरूनच म्हणाला, "त्या दिवशी लई मोठ्यानं बोललासा. आज जरा हळू बोललासा की."

प्राचीला वाटलं, जमीन दुभंगावी. म्हाताऱ्या माणसाला किती ताणायचं? पण सम्राटचं काय चुकत होतं? काही चुकत नव्हतं.

बापूसोंनी एकदा बायकोकडे बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि बोली पुकारायच्या आवाजात, तस्साच्या तसा, सगळं परत म्हणाले. सम्राट चोर न्हाय. खोटं मी बोललो. ऐका रं सगळ्यांनी. शेवटच्या गाळ्यातले हमाल पाठीवरचं ओझं टाकून बघायला लागले. शेवटचे शब्द बोलताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्यानं त्या पुसल्या नाहीत.

सम्राट आत आला. तो त्रिशलासमोर थांबला.

"काकी, तुमी कशाला बोललासा? मला ठाव हुतं. चावी ठेवताना तुमचा आवाज आलता. नाव काढा, आजच्या आज काढा, म्हणत हुतासा. तवा काय कळलं न्हाय. नंतर कळलं."

प्राची पुढे झाली. "मग त्या दिवशी ऑफिसात मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलासा कुठं ताई?" सम्राट म्हणाला. "आत आलास का, फोनला हात लावलास का, हेच इचारलासा. काय ऐकलंस, असं इचारलं असतं तर बघितलं असतं. आन् दुसऱ्याच्या घरातल्या बाईचं नाव मी चौकात कशापायी घेऊ? तुमीच शोधून काढा म्हटलं. काढलासा. भारी काम केलासा."

त्यात टोमणा होता की नाही, तिला कळलं नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. झालं ते झालं, आप्पांनी माफी मागितली, आईनं कबूल केलं, आता गाडीत बसून निघावं, असं म्हणून तिनं पर्सला हात घातला.

"आन् ताई," सम्राट म्हणाला, "तुमचं राहिलं की."

प्राचीनं वर बघितलं. व्यापारी बघत होते, हमाल बघत होते. आई बघत होती. आप्पा टोपी हातात धरून बघत होते. इतके दिवस तिनं दुसऱ्यांचं खोटं पकडलं होतं, आणि ह्या सगळ्या प्रकरणात आपण फक्त चौकशी करणारे, असंच ती धरून चालली होती.

"मी... मी त्याला पोलिसांची धमकी दिली होती," ती म्हणाली. "काहीही न विचारता. माझं चुकलं."

"ऐकू न्हाय आलं पलीकडं," सम्राट म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

मग तिनंही बापासारखी छाती भरून घेतली आणि ओरडून सांगितलं. आवाज मध्येच चिरकला, दोनदा थांबावं लागलं, पण शेवटच्या गाळ्यापर्यंत गेला.